पोच

"हळू बोल. देव बहिरा नाही."

तिची आई हे वाक्य कधीच मोठ्याने म्हणाली नाही. कानाशी येऊन, ओल्या हाताने दंड धरून म्हणायची. इतक्या वर्षांनी ते पुन्हा ऐकू आलं ते एका परक्या दारासमोर. किल्ली कुलपात गेली होती पण फिरत नव्हती. तिच्या घरचं दार जरा फुगलेलं असतं, म्हणून तिने हे दार स्वतःकडे ओढून पुन्हा प्रयत्न केला. अंगठा पांढरा पडला, आणि आतून कुणीतरी दार उघडलं. ओले केस, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत भीती. "कोण पाहिजे?" ती म्हणाली, "चुकले." "काय?" "मजला चुकले." "अहो मोठ्याने बोला ना! दुसऱ्याच्या दाराला किल्ल्या लावता आणि वर पुटपुटताय काय!" दार आपटलं. शेजारच्या भिंतीवर रंगाने सहाचा आकडा काढलेला होता. मागे लिफ्ट अजून उघडीच उभी होती, आणि तिच्या कपाळावर लाल अक्षरात चार. बटण चुकून सहाचं दाबलं गेलं असावं, पण चार बघूनच ती बाहेर पडली होती. ती परत आत गेली, तळमजल्याचं बटण दाबलं. पोटात खड्डा पडला, म्हणजे लिफ्ट उतरत होती; आकडा म्हणत होता, चार. अजून उतरली. चार. खाली दार उघडलं तेव्हाही चार. वॉचमन खुर्चीत बसून नखं कापत होता. "हां, ते चारच दाखवतं," तो वर न बघता म्हणाला. "परवापासून. सगळ्यांना माहितीये." "मला माहीत नव्हतं." "आं?" "मला कुणी—" "अहो, काही होत नाही ताई. लिफ्ट एकदम व्यवस्थित आहे. नुसता आकडा अडकलाय."

नुसता आकडा अडकलाय. तळपायापासून काहीतरी चढत आलं. ते पोटऱ्यांत आलं, गुडघ्यांत आलं, आणि तो राग आहे हे तिला ओळखायलाच वेळ लागला. रागाची तिची ओळख तशी जुनी, पण येणंजाणं नव्हतं. ती जिन्याकडे वळली. वॉचमनने पाठीमागून, "अहो लिफ्टने जा की, चार म्हणजे तुमचाच मजला," असा विनोद केला आणि स्वतःच हसला.

ती काम करते त्या कारखान्यात लांबलचक भट्ट्या आहेत. राळेत भिजवलेले कापडी तक्ते गाड्यांवर रचून भट्टीत ढकलतात, भाजून लाकडासारखे कडक करतात. आच फार कमी झाली तर तक्ता चिकट राहतो, फार झाली तर राळेची वाफ सुटते, आणि ती वाफ पेट घ्यायला टपलेलीच असते. पूर्वी प्रत्येक भट्टीपासून, ती जिथे बसून सगळा ताप बघते त्या खोलीपर्यंत जाड वायरी यायच्या. त्या वितळायच्या, उंदीर कुरतडायचे, आणि मग शिडी लावून कुणीतरी छतापाशी लोंबकळत बसायचं. नंतर डब्या आल्या. मुठीएवढ्या, राखाडी, आत बॅटरी, एक दांडी भट्टीच्या पोटात खुपसलेली. वायर नाही. डबीने ताप मोजायचा आणि हवेतून शेजारच्या डबीला सांगायचा, तिने पुढचीला, तिने त्या पुढचीला, असं करत छताखालच्या मोठ्या पेटीपर्यंत आणि तिथून तिच्या खोलीतल्या पडद्यावर. लहान मुलं एका रांगेत बसून कानगोष्टी खेळतात तसं. त्याच आकड्यावरून भट्टीचा गॅस बर्नर आपोआप मोठा किंवा लहान व्हायचा. आणि डबी नुसतं सांगून मोकळी होत नसे. पुढचीकडून 'मिळालं' अशी पोच यायची वाट बघायची. पोच आली नाही तर पुन्हा सांगायची. हे तिला पहिल्यांदा समजलं तेव्हा ती एकटीच हसली होती. पहाटे पाण्याचा घोट घेण्याआधी मागच्या छोट्या खोलीत दिवा लावून ती रोज देवाचं नाव घेत बसते. लग्नाआधीपासून, एक दिवस न चुकता. तिने पाठवलेल्याला आजवर पोच आलेली नाही, आणि तिने मागितलेलीही नाही. पण ते वरचं खातं. माणसांचं आणि यंत्रांचं तसं चालत नाही, त्यांना पोच लागते, असं तेव्हा तिला फार बरं वाटून गेलं होतं.

पहिला जिना संपला. भिंतीवर एकाचा आकडा. तिने त्यावरून बोट फिरवलं, खरंच एक आहे की नाही ते बघायला.

मग बॅटऱ्या लवकर संपायला लागल्या, आणि त्यावर बैठक झाली. मॅनेजर साहेबांना सगळे मागून गोडसाहेब म्हणतात, कारण ते कुणावर ओरडत नाहीत. नको असलेलं काम तुमच्याच तोंडून कबूल करून घेतात. त्या दिवशी ते म्हणाले, ताप बदलला नसेल तर डबीने बोलायचंच कशाला? बदलला तरच बोलू दे. तीनदा सांगूनही पोच नाही आली तर सोडून दे, उगाच बॅटरी जाळत बसू नको. आणि डबी बोलत नाही तोवर पडद्यावर तिचा शेवटचा आकडा राहू दे. हिरवा. वायरींबरोबर ती जुनी कळही काढून टाका, ताप फार वाढला की गॅस तोडणारी. आता डब्या आहेत की. सगळ्यांनी माना हलवल्या. खोलीत वरचा पंखा खडखडत होता. तिने म्हटलं होतं. हे तिला स्वच्छ आठवतं, पंख्याच्या खडखडाटासकट, टेबलावरच्या कपांच्या वर्तुळांसकट. ती म्हणाली होती, "गप्प असलेली डबी आणि मेलेली डबी पडद्यावर सारखीच दिसेल." साहेब तिच्याकडे बघून प्रेमळ हसले. "काय म्हणालात?" तिने पुन्हा सांगितलं: जी बोलत नाही ती राखाडी दिसू दे, हिरवी नको, आणि ती कळ काढू नका. देखभालीचा मुख्य म्हणाला, "मॅडम, राखाडी दिसलं की पोरं घाबरतात हो. दर तासाला मला फोन." सगळे हसले. कुणीतरी चहाचं विचारलं. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा साहेब म्हणत होते, "तर मग एकमत झालं." तिने तोंड मिटलं. तीनदा. डबीला घालून दिलेला नियम तिने त्याच टेबलावर डबीच्याही आधी पाळला होता, आणि आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्याला हात धरून, तिला त्याची इतकी चीड आली की कठड्याचं लोखंड गरम लागलं.

कारण दूध उतू जात होतं तेव्हाही असंच झालं होतं. ती तेव्हा ओट्याच्या उंचीची असेल. बाहेरच्या खोलीत पाहुणे, वडिलांचे कुणी वरिष्ठ. आई त्यांच्यासमोर पदर सावरून उभी. आत दूध पातेल्याच्या काठावर आलं, साय तंबूसारखी फुगली, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "आई, दूध! दूध!" बाहेरचं बोलणं थांबलं. आई आत आली. आली ती थेट तिच्याकडे. दूध मागे सळसळत शेगडीवर कोसळत होतं, आणि आई तिचा दंड धरून कानात सांगत होती, "हळू बोल. देव बहिरा नाही. चारचौघांत असा आवाज?" मग पातेलं उतरवलं. तोवर अर्धं दूध गेलं होतं आणि घरभर तो जळका, गोड, मळमळणारा वास. आधी आवाज, मग दूध. हा क्रम तिने मान्य केला होता. मान्य केला म्हणजे काय, त्याचंच व्रत करून टाकलं: आवाज चढवायचा नाही. कुणावर नाही, कशासाठीच नाही. आई गेल्यावर तर ते अधिकच घट्ट झालं. आईची तेवढीच वस्तू तिच्याकडे होती. शाळेत बाई म्हणायच्या, किती गुणी. सासरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, घरात आहे की नाही कळत नाही, इतकी चांगली. नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याचा ठरलेला विनोद आहे: आमच्या हिचं ऐकायला डॉक्टरची नळी लागते. हे सगळं कौतुक होतं. आपल्या असण्याचा मागमूस लागत नाही याचं कौतुक! तिला वाटलं, आत्ता इथल्या इथे, या जिन्यात, काहीतरी फोडावं. हातात फक्त पिशवी होती, पिशवीत पैलवानच्या बहिणीने परत केलेला रिकामा थर्मास.

पैलवान म्हणजे तिसऱ्या भट्टीचा ऑपरेटर. काडीसारखा माणूस, म्हणून पैलवान. येताजाता दंडाची नसलेली बेटकुळी दाखवून, "मॅडम, भट्टी उचलून ठेवू का इकडे?" असं विचारायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भट्टीच्या मध्ये एक पोलादी भिंत उभी केली गेली, धूळ अडवायला. धूळ अडली. डबीचं बोलणंही अडलं. ते घडलं त्या दिवशी ती स्वतः सुट्टीवर होती. भट्टीत हवे होते एकशे ब्याऐंशी अंश. पडद्यावर आकडा अडकला एकशे अठ्ठ्याहत्तरवर. म्हणजे अजून जरासं कमी. म्हणून बर्नर इमानदारीने आच वाढवत राहिला, वाढवत राहिला, आणि आकडा हिरवाच राहिला. आत ताप वाढत होता तशी डबी पुन्हापुन्हा सांगत होती, आपल्या एकुलत्या एका आवाजात, पोलादाला. तीनदा सांगायची आणि गप्प. पुन्हा तीनदा आणि गप्प. पैलवानने दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर बघितलं, एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि दार उघडलं. राळेच्या वाफेला तेवढीच हवा हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती त्या जागी गेली तेव्हा तिथे वास होता. जळका, गोड, मळमळणारा. तो नाकात शिरताच तिचा डावा दंड दुखायला लागला, थेट आईने धरला होता तिथे.

आणि आज संध्याकाळी ती इस्पितळातून येत होती. पैलवानचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या गाठोड्यांत, चेहऱ्याची एक बाजू मलमाने चकाकणारी, कानावर पट्टी. उद्या सकाळी मुख्य कचेरीतली माणसं चौकशीला येणार. काय ठरणार हे कारखान्यात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे: ऑपरेटरने आकडा न बघता दार उघडलं. माणसाची चूक. ती उशाशी बसली तेव्हा पैलवान म्हणाला, "मॅडम, मी बघितला होता. आईशपथ बघितला होता. नोकरी गेली तर गेली, हातांचं काय व्हायचं ते होईल. पण पोरं मोठी होऊन म्हणतील, बाप आंधळा होता. मी आंधळा नव्हतो, एवढं सांगाल?" "सांगेन," ती म्हणाली. "काय?" त्याने पट्टीचा कान पुढे केला. "सांगेन." त्याला अजूनही ऐकू गेलं नव्हतं. पलीकडे बसलेली त्याची बहीण पुढे वाकली आणि दुसऱ्या कानात म्हणाली, "दादा, मॅडम म्हणतायत, सांगेन." त्याने डोळे मिटून मान हलवली. बहीण तिला दारापर्यंत सोडायला आली. थर्मास हातात देताना म्हणाली, "राग मानू नका ताई, पण तिथं मी नसणार मधे. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. इतकं हळू बोललात तर साहेबलोक काय ऐकणार, कप्पाळ?" तिने मान डोलावली. आणि बसमध्ये बसल्यावर साहेबांचा फोन. किती गोड आवाज. "उद्या काही बोलू नका असं मी मुळीच म्हणणार नाही हं. फक्त विचारलं तेवढंच सांगा. आणि तुम्हाला कोण विचारणार, तुमची तर सुट्टी होती! तुम्ही शांत असता, हा तुमचा फार मोठा गुण. असाच राहू दे." ती काहीच बोलली नाही. "थँक यू," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. बसची खिडकी थरथरत होती. आपण काहीच बोललो नाही आणि त्यांनी आभार मानले, हे तिला चार थांबे गेल्यावर समजलं.

चौथा मजला. तिने आकडा बोटाने तपासला, मग किल्ली लावली. नवरा वह्या तपासत बसला होता. "जिन्याने आलीस? धाप लागलीय." "लिफ्टचा आकडा अडकलाय." "हो, परवापासून," तो म्हणाला. "अगं, दादाचा फोन होता. त्यांची थोरली इथे शिकायला येतेय. मागची खोली देऊ म्हटलं तिला. तुझं ते देवाचं काय, स्वयंपाकघरात कोपरा आहेच की." ती पाणी ओतत होती. पेला भरला, वरून वाहिला. "मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. "विचारलं की! रविवारी जेवताना बोललो नव्हतो का? तू काही बोलली नाहीस, म्हटलं चालेल." लाल पेन एका बेरजेवर फिरलं. "चालेल ना?" उत्तराची वाट न बघता त्याने पान उलटलं. वाईट नाही हा माणूस. वॉचमनही वाईट नाही. साहेबसुद्धा घरी नातवंडांना पाठीवर घेत असतील. यांच्यापैकी कुणीही दुष्ट नाही, हेच तिला त्या क्षणी सहन होईना; दुष्ट असते तर कुणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती. त्यांच्या पडद्यावर ती हिरवी होती. इतकंच. कधीकाळी, बहुतेक त्या दुधाच्या दिवशी, तिचा एक आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि तोच अजून चालू होता.

झोप लागली आणि पहाटे नेहमीच्या वेळी मोडली. तिने मागच्या खोलीत दिवा लावला, बसली. नाव घ्यायला लागली. एरवी दहाबारा श्वासांत मन खाली बसतं, गढूळ पाण्यातला गाळ बसतो तसं. आज बसेना. राग आसनावर तिच्या शेजारी मांडी घालून बसला होता, आणि नाव घेताना तोही तिच्याबरोबर घेत होता. तिने त्याला जा म्हटलं नाही. ज्योत सरळ होती. आई, ती मनात म्हणाली, देव बहिरा नाही, अगदी खरं. पण त्या टेबलाशी देव बसलेला नव्हता गं. तिथे माणसं होती. आणि त्या दिवशी तू आधी दूध उतरवायला हवं होतंस. हे असं आईला ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती, आणि म्हणताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो तोच, कोरडा, लख्ख राग. व्रत मोडावं का? ओरडावं का आज त्या खोलीत, घसा फाटेस्तोवर? तिने कल्पना करून पाहिली. सगळे दचकतील. मग कुणीतरी तिला पाणी देईल. साहेब हळवे होऊन म्हणतील, फार मनाला लावून घेतलंय हो बाईंनी. आणि सगळे तिच्या आवाजाबद्दल बोलतील. आधी आवाज, मग दूध. नाही. तिने काय कबूल केलं होतं ते तिने नीट, शब्द न् शब्द आठवून पाहिलं. आवाज चढवायचा नाही, एवढंच. गप्प बसेन असं तिने देवाला कधीच सांगितलं नव्हतं. तीनदा बोलून सोडून देईन, असंही नाही.

ती पाणी प्यायली. नवरा मोरीत दाढी करत होता, यंत्राची घरघर दाराबाहेर येत होती. ती दारात उभी राहिली. "ती खोली मी देणार नाही." "हं?" आरशातून. "ती खोली मी देणार नाही." "काय म्हणतेस? थांब, नंतर बोलू." ती थांबली नाही आणि गेलीही नाही. तेवढ्याच आवाजात, तेच, पुन्हा. मग पुन्हा. त्याने आरशात तिच्याकडे बघितलं, एक गाल अजून खुंटांचा, आणि ती पुन्हा म्हणाली. शेवटी त्याने यंत्र बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की नळाची गळती ऐकू आली. "बोल," तो म्हणाला. "ती खोली मी देणार नाही." त्याने यंत्र खाली ठेवलं. "बरं," तो म्हणाला. मग, जणू ते पुरेसं झालं नसावं, "ऐकलं. दादाला मी कळवतो." ती वळली तेव्हा मागून, जरा घाबऱ्या आवाजात: "एवढ्या लवकर कुठे निघालीस?" "पैलवानला शब्द दिलाय," ती म्हणाली. यंत्र बंद होतं, त्यामुळे तेही त्याला ऐकू गेलं.

लिफ्ट मजल्यावरच उभी होती, चार म्हणत. आज नेमकं खरं बोलत होती. ती जिन्याने उतरली. वॉचमन पेंगत होता. फाटकाबाहेर रस्ता नुकता जागा होत होता. पाव पोचवणारा टेम्पो, झाडूवाली, पाठीवर दप्तरं घेतलेल्या दोघी. कारखान्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे ती चालायला लागली, आणि चालता चालता वाक्य म्हणून बघायला लागली. फार काही नव्हतं. पडद्यावरचा आकडा जुना होता, आणि त्याने तो बघितला होता. आपल्या रोजच्याच आवाजात. ती पुन्हा म्हणाली. एक ट्रक शेजारून गेला, सळया खणखणत, आणि त्यात तिचं तिलाच काही ऐकू आलं नाही. ती थांबली. ट्रक वळणापलीकडे जाऊन खणखणाट पुरता विरेपर्यंत पिशवी धरून उभी राहिली. मग चालू लागली, आणि पहिल्या शब्दापासून परत सुरुवात केली.